घोडी का बुजते?

दसरा सरला, गुलमंडीच्या बाजारात फटाके वाजू लागले की वरातीची घोडी कान टवकारते. तुळशीच्या लग्नानंतर तिचा हंगाम; पण भित्री असली तर ताशाच्या पहिल्याच थापेला बिथरते. दोष तिचा नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने घोड्याला जवळपास 350 अंश दिसतं. नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं तेवढं नाही. म्हणून मागून जाऊ नका, खांद्याकडून बोलत बोलत जा. नुसतं थोपटण्यापेक्षा आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी, खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके उतरतात. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44. नवरदेवाच्या मित्रांनो, सुतळी बॉम्ब जरा लांबच लावा!