विश्लेषण : फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर ‘स्टॉक कार’कडे का वळतात? तिथे त्यांची दमछाक का होते?

कोराडी (नागपूर) : वीज केंद्राच्या रस्त्यावर राखेचे बल्कर आणि टिप्पर रोज पाहणाऱ्यांना ‘ट्रकची शर्यत’ म्हटले की हसू येईल. पण भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन मार्च २०१०मध्ये अमेरिकेत अशाच एका ट्रक शर्यतीत उतरला होता. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या चालवलेल्या माणसाला ट्रक चालवायला का जावे लागले? आणि तिथे त्याचे कौशल्य किती कामी आले?

कार्तिकेयनने नेमके काय केले?

कोईम्बतूरचा कार्तिकेयन २००५मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत तो चौथा आला. टायरच्या वादामुळे त्या दिवशी फक्त सहाच गाड्या धावल्या होत्या. पुढच्या हंगामात त्याला शर्यतीसाठी जागा मिळाली नाही. चाचणी ड्रायव्हर म्हणून आणि इतर मालिकांत काही वर्षे काढल्यावर २०१०मध्ये त्याने ‘नॅसकार’च्या ट्रक मालिकेत पाऊल ठेवले. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेत उतरलेला तो पहिला भारतीय. मार्टिन्सव्हिल येथील पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला. त्या हंगामात तो नऊ शर्यती धावला, पण एकही जिंकला नाही. तरीही वर्षअखेरीस चाहत्यांच्या मतदानात मालिकेतील ‘सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर’ हा किताब त्यालाच मिळाला.

‘स्टॉक कार’ म्हणजे काय?

‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी. १९४८मध्ये नॅसकार सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळात तिच्या शर्यतींत शोरूममधल्या गाड्याही धावत. आता साम्य फक्त बाहेरून दिसण्यापुरते उरले आहे. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि व्ही-८ इंजिन असते. १९९५पासून सुरू असलेल्या ट्रक मालिकेतही खरा मालवाहू ट्रक नसतो, तर त्याच सांगाड्यावर पिकअपचे अंग चढवलेले असते. फॉर्म्युला वन किंवा इंडीकारची चाके उघडी असतात, म्हणून त्यांना ‘ओपन-व्हील’ म्हणतात. स्टॉक कारची चाके बॉडीखाली झाकलेली असतात.

चाके झाकली, तर इतका फरक का पडतो?

पहिला फरक वजनाचा. २०१०मध्ये फॉर्म्युला वन गाडीचे किमान वजन ड्रायव्हर धरून ६२० किलो होते. नॅसकारची गाडी सुमारे दीड टनाची. भरलेला टिप्पर चालवणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. ब्रेक आधीच लावावा लागतो, वळणात वजन बाहेर ढकलले जाते आणि स्टिअरिंगला गाडी उशिरा दाद देते.

दुसरा फरक हवेचा. फॉर्म्युला वन गाडीला तिचे पंख रस्त्यावर दाबून धरतात. वेग जितका जास्त, तितकी पकड घट्ट. स्टॉक कारला हा आधार फार कमी मिळतो. ती वळणात थोडी घसरतच जाते आणि ते घसरणे सांभाळणे हेच कौशल्य असते.

तिसरा फरक धक्क्यांचा. उघडे चाक उघड्या चाकाला लागले, तर गाडी हवेत उडू शकते. त्यामुळे ओपन-व्हीलचा ड्रायव्हर लहानपणापासून दुसऱ्या गाडीला स्पर्श टाळायला शिकतो. स्टॉक कारमध्ये पुढच्या गाडीला बंपर लावून बाजूला सारणे हा खेळाचाच भाग आहे. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम ८५० मीटरचा आहे. तिथे धक्का न लागता शर्यत संपवणे कठीण.

मोठी नावे तिथे यशस्वी झाली का?

उत्तर संमिश्र आहे. फॉर्म्युला वनच्या सात शर्यती जिंकलेला कोलंबियाचा हुआन पाब्लो मोंतोया २००६मध्ये मॅकलारेन सोडून नॅसकारमध्ये गेला. मुख्य ‘कप’ मालिकेत त्याने दोन शर्यती जिंकल्या : २००७मध्ये सोनोमा आणि २०१०मध्ये वॅटकिन्स ग्लेन. हे दोन्ही डावी-उजवी वळणे असलेले, म्हणजे त्याच्या सवयीचे ट्रॅक. नॅसकारच्या बहुतेक शर्यती मात्र लंबगोल ‘ओव्हल’ ट्रॅकवर होतात आणि तिथे त्याला कपमध्ये एकही विजय मिळाला नाही.

२००९मध्ये इंडियानापोलिसला तो विजयाच्या अगदी जवळ होता. १६०पैकी ११६ फेऱ्या तो आघाडीवर होता. पण पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड झाला आणि तो अकरावा आला. फॉर्म्युला वनमध्ये पिटचा वेग रोखायला बटण असते. कपच्या गाडीत तेव्हा ते बटण नव्हते आणि वेगमापकही नव्हता. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाहून वेगाचा अंदाज घ्यावा लागे. एवढ्याशा गोष्टीतून हातातली शर्यत जाऊ शकते.

२००७ची इंडियानापोलिस ५०० आणि इंडीकारचे विजेतेपद जिंकून डारिओ फ्रँकिट्टी २००८मध्ये नॅसकारमध्ये आला. टॅलाडेगा येथील अपघातात त्याचा घोटा मोडला आणि जुलैमध्ये प्रायोजकाअभावी त्याचा संघच बंद पडला. तो इंडीकारमध्ये परतला आणि २००९, २०१० व २०११ असे सलग तीन वर्षे विजेता ठरला. हात तेच होते, गाडी बदलली होती.

याउलट टोनी स्टुअर्ट इंडी रेसिंग लीगचा विजेता होता आणि पुढे २००२, २००५ व २०११मध्ये तो कपचाही विजेता झाला. पण तो अमेरिकेतल्या छोट्या ओव्हल ट्रॅकवरच वाढला होता. ओव्हल त्याला नव्याने शिकावा लागला नाही.

मग जातात कशासाठी?

जागा आणि पैसा. २०१०मध्ये फॉर्म्युला वनमध्ये १२ संघ होते, म्हणजे साऱ्या जगासाठी २४ जागा. त्या काळी कपच्या एकाच शर्यतीत ४३ गाड्या उतरत आणि हंगामात ३६ गुणांच्या शर्यती होत. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, पण फॉर्म्युला वनची जागा काही मिळाली नाही. तो इलेक्ट्रिक गाड्यांच्या ‘फॉर्म्युला ई’कडे गेला. नुसत्या गुणवत्तेवर जागा मिळत नाही, प्रायोजकही पाठीशी लागतो. अशा वेळी घरी बसण्यापेक्षा दुसरी गाडी बरी, हा हिशेब साधा आहे.

भारतीय मुलांनी यातून काय घ्यावे?

आपल्याकडे कार्टिंगला जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर एकच शिखर असते : फॉर्म्युला वन. बंद गाड्यांच्या शर्यती म्हणजे दुय्यम, असा समजही असतो. कार्तिकेयनची कारकीर्द वेगळे सांगते. ट्रकनंतर तो २०११मध्ये फॉर्म्युला वनमध्ये परतला आणि ग्रेटर नोएडातील पहिल्या इंडियन ग्रां प्रीमध्ये धावला. पुढे जपानमध्ये तो बंद गाडीकडे वळला आणि नोव्हेंबर २०१९मध्ये फुजी येथे सुपर जीटी आणि डीटीएमच्या संयुक्त शर्यतींपैकी एक त्याने जिंकली. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

मुलाच्या रेसिंगवर बचत लावणाऱ्या पालकांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे. वरच्या जागा मोजक्याच आहेत, पण त्या हुकल्या म्हणून रेसिंग संपत नाही. फक्त गाडी बदलली की पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. मोंतोयाही त्याला अपवाद नव्हता.