गोळी लागू पडतेय का? हाडांच्या उलाढालीची रक्ततपासणी



शाळेत आपण सांगाडा शिकतो. २०६ हाडं, त्यांची नावं, सांध्यांचे प्रकार, एक आकृती, चार गुण. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण त्यातून एक समज डोक्यात पक्का बसतो, की हाड म्हणजे सिमेंटच्या खांबासारखी गोष्ट. एकदा उभी राहिली की तशीच राहणार. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टांगलेला तो सांगाडा बघून तर दुसरं काही वाटणारच नाही!

मग घरात आजीची किंवा आईची ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजाराची, गोळी सुरू होते. तीन महिन्यांनी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात : सीटीएक्स, पी-वन-एनपी. घरचे विचारतात, "आजार हाडाचा, मग रक्त कशाला तपासायचं? एक्स-रे काढा की!" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

हाड रोज मोडतं, रोज बांधलं जातं

आपलं हाड जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, पेशी आहेत आणि तिथे चोवीस तास काम चालू असतं. एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी आठवा. एक टोळी पोपडे आलेली, भुगा होत चाललेली भिंत फोडून काढते. तिच्या मागून गवंडी येतात आणि तेवढाच भाग नव्याने बांधतात. वाडा उभाच असतो, लोक राहत असतात, आणि काम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत असतं. हाडातल्या फोडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. एका जागेचं पोखरण्याचं काम साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तीच जागा भरून काढायला मात्र तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. या सगळ्या घडामोडीला आपण 'हाडांची उलाढाल' म्हणू या.

तरुणपणी फोडणं आणि बांधणं यांचा हिशेब जुळतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने कमी होतं आणि फोडणाऱ्या टोळीवरचा मुकादमच जणू निघून जातो. मग फोडकाम वाढतं. त्याच्या मागोमाग बांधकामही वाढतं, पण पुरं पडत नाही. प्रत्येक फेरीत थोडा खड्डा शिल्लक राहतो. अशी वर्षं गेली की मनगट, कण्याचे मणके आणि खुबा ही ठिकाणं साध्या पडण्याने मोडू लागतात. मणका तर कधी कधी न पडताही दबतो आणि घरचे म्हणतात, "आजी वाकली वयामुळे."

रक्तात नेमकं काय सापडतं?

हाडात कॅल्शियमचे क्षार असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते क्षार ज्या जाळीवर बसतात ती जाळी प्रथिनाची असते, आणि त्यातला बहुतेक भाग म्हणजे पहिल्या प्रकारचं कोलॅजेन. आजच्या दोन्ही तपासण्या या कोलॅजेनच्याच आहेत.

बांधणारी पेशी कोलॅजेनचा धागा तयार करते तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जास्तीची शेपटं असतात. धागा जाळीत बसवताना ती कापली जातात. शिंप्याकडे दिवसभरात किती कपडे बेतले गेले हे खाली पडलेल्या कात्रणांवरून कळतं ना, तसंच. यातलं एका बाजूचं कात्रण रक्तात येतं, तेच पी-वन-एनपी. ते जास्त असेल तर बांधकाम जोरात आहे.

फोडणारी पेशी तयार जाळी तोडते तेव्हा आधीच एकमेकांना जखडलेल्या धाग्यांचे तुकडे सुटे होतात. हा झाला राडारोडा. तो रक्तात मिसळतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. रक्तातला हा राडारोडा मोजला की सीटीएक्सचा आकडा मिळतो. तो जास्त असेल तर फोडकाम जोरात आहे.

अशा खुणा आणखीही आहेत, पण सगळ्या जगाने एकच भाषा बोलावी म्हणून २०११ साली हाडांच्या आणि प्रयोगशाळाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या दोन तपासण्यांना प्रमाण मानायची शिफारस केली. नेहमीच्या रिपोर्टमध्ये येणारं अल्कलाइन फॉस्फटेज हाडाबरोबर यकृतातूनही येतं, म्हणून त्या एकट्याच्या भरवशावर हाडाबद्दल बोलता येत नाही.

मग डेक्सा स्कॅन कशासाठी?

हाडाची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन हा निदानाचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली रेघ अजून तीच आहे : टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पण स्कॅन सांगतो ती शिल्लक, बँकेच्या पासबुकातल्या शेवटच्या ओळीसारखी. उपचाराने ही शिल्लक वर्षाला जेमतेम काही टक्के वाढते, आणि मशिनच्या मोजण्यातही थोडा फरक पडतोच. म्हणून तीन महिन्यांनी स्कॅन करून काही उपयोग नाही. तो बहुधा एक-दोन वर्षांनीच पुन्हा करतात. रक्ताची तपासणी मात्र या महिन्याचा जमाखर्च दाखवते. गोळीने फोडकाम आवरलं असेल तर सीटीएक्स काही आठवड्यांतच खाली येतं.

हे दोन वर्षांचं अंतर फार महागात पडू शकतं, कारण या आजारात कमी-जास्त काहीच जाणवत नाही. रक्तदाबाची गोळी सोडली तर घरच्या मशिनवर लगेच दिसतं. हाडाची गोळी पोटातच गेली नाही, तरी दोन वर्षं सगळं छान वाटतं आणि मग बाथरूममध्ये पाय घसरतो.

'पोटातच गेली नाही' म्हणजे काय?

सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे ॲलेन्ड्रोनेट, आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम. हिची गंमत अशी, की अगदी नियमाने घेतली तरी एक टक्क्याहूनही कमी औषध आतड्यातून रक्तात शोषलं जातं. तेवढं पुरतं. पण पोटात दुसरं काही असेल तर तेही जात नाही. म्हणून सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याच्या पेल्याबरोबर गोळी घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

आता आपल्या घरातली सकाळ बघा. चहाशिवाय डोळे उघडत नाहीत! गोळी चहाबरोबर, वर लगेच दूध, कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर, कारण "सगळ्या गोळ्या एकदाच घेतल्या की विसरायला होत नाही." कॅल्शियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं. पैसे खर्च होतात, गोळीचं पाकीट संपतं, डॉक्टरांनी विचारलं तर "हो, नियमित घेते" हे उत्तरही खरंच असतं. खोटं कोणीच बोललेलं नसतं.

इथे रक्ताची तपासणी कामी येते. २०१७ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे : गोळी सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सीटीएक्स ५६ टक्क्यांहून जास्त किंवा पी-वन-एनपी ३८ टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर गोळी काम करतेय.

एवढे मोठे आकडे का, असं कुणीतरी विचारेलच. कारण औषध न घेताही हे आकडे दर दिवशी थोडे वर-खाली होतात, आणि यंत्राचा फरक वेगळा. या नैसर्गिक चढउतारापलीकडचा बदलच खरा बदल धरायचा.

एक गणित करू. समजा, एका काकूंचं सीटीएक्स आधी ०.६२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, तीन महिन्यांनी ०.२१ झालं. घट ०.४१, म्हणजे सुमारे ६६ टक्के. गोळी लागू पडली. दुसऱ्या काकूंचं ०.५८ वरून ०.४९ झालं. घट ०.०९, म्हणजे साधारण १६ टक्के. नुसता आकडा बघितला तर कमी झालाय, पण हा बदल मोजण्याच्या गोंधळातच बसतो. या काकूंना लगेच महागडं इंजेक्शन लिहून द्यायचं नसतं. आधी विचारायचं असतं, "गोळी कधी घेता? कशाबरोबर?" त्यानंतर ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड अशा दुसऱ्या कारणांकडे वळायचं. माझ्या मते या तपासणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. एक साधा प्रश्न योग्य वेळी विचारला जातो.

सुरुवातीचा आकडाच घेतलेला नसेल तर? तुलना करायला काही उरत नाही, पण मार्ग अगदी बंद होत नाही. उपचार चालू असताना पी-वन-एनपी ३५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली किंवा सीटीएक्स ०.२८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर उलाढाल निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीइतकी खाली आली असं धरतात. तरी आधीचा आकडा असणं केव्हाही बरं.

रक्त देताना

सीटीएक्स पहाटे सर्वांत जास्त असतं आणि दुपारी सर्वांत कमी. जेवणानंतरही ते चांगलंच घसरतं. पहिलं रक्त सकाळी उपाशीपोटी आणि दुसरं दुपारी जेवून दिलं, तर औषध न घेताही आकडा घटलेला दिसेल आणि सगळे खूश होतील! उलट केलं तर चांगली चाललेली गोळी वाया ठरेल. म्हणून दोन्ही वेळा सकाळी दहाच्या आत, रात्रभर काही न खाता, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली की पद्धत बदलते, आणि दोन पद्धतींचे आकडे जुळतीलच असं नाही. एककही बघा : कुणी ०.५ नॅनोग्रॅम लिहितं, कुणी ५०० पिकोग्रॅम. दोन्ही एकच.

आणि हो, उपाशीपोटी म्हणजे उपवास नव्हे. चतुर्थीचा उपवास आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन रक्त द्यायला गेलात, तर शरीराच्या हिशेबी ते जेवणच झालं. फक्त पाणी चालतं. पी-वन-एनपीला जेवणाचा फारसा फरक पडत नाही, पण दोन्ही रक्तं बहुधा एकदमच काढतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन लुडबुड करतं आणि सीटीएक्स खोटंच कमी दाखवतं.

प्रत्येक औषधाची चाल वेगळी

ॲलेन्ड्रोनेटने फोडकाम थांबतं, मग पी-वन-एनपी, म्हणजे बांधकामही का घटतं? वर्गात हा प्रश्न येतोच. कारण गवंडी फोडलेल्या जागीच काम करतात. नवे खड्डे कमी पडले की नवं कामही कमी. पण आधी पडलेले खड्डे दरम्यान भरले जातात, आणि फायदा तिथेच होतो.

टेरिपॅराटाइड हे रोजचं इंजेक्शन उलट्या दिशेने जातं. ते गवंड्यांनाच कामाला लावतं, म्हणून पी-वन-एनपी वाढायला हवं, आणि महिन्या-तीन महिन्यांत ते दिसतंही. हा रिपोर्ट गोळीच्या नियमाने वाचला तर घरचे उगाच घाबरतील.

सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. त्याने सीटीएक्स काही दिवसांतच तळाला जातं. पण औषधाचा असर संपला की दबलेलं फोडकाम उसळी मारतं, आधीपेक्षाही वर जातं, आणि काही रुग्णांचे एकाहून अधिक मणके पाठोपाठ दबतात. "दोन वर्षं घेतलं, आता बरं वाटतंय" म्हणून हे इंजेक्शन स्वतःच बंद करायचं नाही आणि तारीखही लांबवायची नाही. बंद करायचंच असेल तर डॉक्टर पाठोपाठ दुसरं औषध देतात, आणि त्या काळात सीटीएक्सवर नजर ठेवता येते. ॲलेन्ड्रोनेटचं तसं नाही. ते हाडात साठून राहतं, म्हणून पाचेक वर्षांनी काही रुग्णांना सुट्टी देता येते.

जे ही तपासणी सांगत नाही

ऑस्टिओपोरोसिस आहे की नाही, हे ती सांगत नाही. कुठलं हाड कमकुवत आहे, हेही नाही. नुकतंच हाड मोडलं असेल तर तिथलं भरून येण्याचं काम जोरात चालू असतं, त्यामुळे आकडे कित्येक महिने चढे राहतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर राडारोडा बाहेर पडत नाही आणि सीटीएक्स फुगलेलं दिसतं. स्टेरॉइड चालू असेल तर पी-वन-एनपी खाली ओढलं जातं. प्रत्येक रुग्णाला ती लागतेच असंही नाही. घ्यायची की नाही हे डॉक्टर औषध आणि परिस्थिती बघून ठरवतात.

स्वाध्याय

१. सीटीएक्स ०.७० वरून ०.२८ झालं. घट किती टक्के? ती अर्थपूर्ण आहे का?

२. एका आजींनी पहिलं रक्त दुपारी जेवून दिलं, दुसरं सकाळी उपाशीपोटी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. गोळी लागू पडली नाही असं म्हणता येईल का? कारण लिहा.

३. घरात कुणी आठवड्याची हाडाची गोळी घेत असेल, तर ती केव्हा आणि कशाबरोबर घेतात हे विचारून वहीत लिहून आणा.