हनोईत पाठीवर बॅग घेऊन उतरताय? पहिल्या दोन दिवसांत ‘या’ निळ्या नोटांकडे लक्ष द्या

कमी खर्चात व्हिएतनाम फिरायला निघालेल्या जोडप्याची खरी परीक्षा हनोईतल्या पहिल्या दोन दिवसांतच होते. भाषा येत नाही, नोटांवरच्या शून्यांची सवय नसते आणि बजेट मात्र ठरलेलं असतं.

विमानतळावरून शहरात कसं जायचं?
नोई बाई विमानतळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. 86 क्रमांकाची बस तिथून ओल्ड क्वार्टर या जुन्या वस्तीकडे जाते. दोघांचं तिकीट मिळूनही टॅक्सीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. रात्री उशिरा पोहोचल्यास ‘ग्रॅब’ ॲपवर भाडं आधीच कळतं.

नोटांचा घोळ काय?
20 हजार आणि 5 लाख डोंग, दोन्ही नोटा निळ्या. दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. किमतीत फरक मात्र 25 पटींचा. पहिली साधारण 70 रुपयांची, दुसरी 1,700 च्या आसपास. त्यामुळे मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. पैसे एकाने द्यावेत, शून्यं दुसऱ्याने मोजावीत.

रस्ता कसा ओलांडायचा?
दुचाकींचा ओघ थांबत नाही. संथ, एकसारख्या चालीने पुढे जायचं. दुचाकीस्वार त्याच अंदाजाने बाजूने निघतात. एक पुढे आणि दुसरा मागे, अशी ओढाताण सर्वांत धोक्याची.

शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात. वीकेंडला पोहोचणाऱ्यांनी पहिली संध्याकाळ तिथेच घालवणं उत्तम.