शोधनिबंध आणि संदर्भ : संशोधकाच्या कामाचा हिशेब

आपल्या समाजातील विद्यार्थी आता पदवीपाशी न थांबता संशोधनाकडे वळू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पशुवैद्यकशास्त्रासाठी तर दूर जाण्याचेही कारण नाही. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. परंतु या वाटेवर पाऊल टाकताच एक प्रश्न समोर येतो : तुमचे शोधनिबंध किती आणि त्यांना संदर्भ किती ? हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

शोधनिबंध म्हणजे आपण काय पाहिले, कसे पाहिले व त्यातून काय निष्पन्न झाले याची लेखी नोंद. त्या विषयातील जाणकारांनी तपासल्यावर ती नियतकालिकात छापली जाते. पुढे दुसरा संशोधक त्या नोंदीचा आधार घेतो व आपल्या निबंधात तिचा उल्लेख करतो. हा झाला एक संदर्भ. असे उल्लेख एकत्र मोजण्याची सूची युजीन गारफिल्ड यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू केली.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली होती. त्या वेळी दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. नागपूर परिसरातील गावावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव मिळाले. प्रवीण भट्ट व एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. गाई व घोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूच्या कुळातलाच हा विषाणू. १९७० मध्ये औरंगाबाद भागातील वालुकामाशीत तो आढळल्याचा निबंध आला. वालुकामाशी ही भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक माशी. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदुज्वराची साथ आली. तीत ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा हाच विषाणू निघाला. त्यानंतर डुकरे, म्हशी, गाई, शेळ्या यांच्या रक्तातही त्याच्या खुणा मिळाल्या. २००७ मध्ये नागपूर विभागातील मुलांमध्ये साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. या रोगावर अजून लस नाही. पण १९६७ ची नोंद छापलेली नसती, तर २००३ मध्ये तपास कोठून सुरू झाला असता ? संदर्भाचे खरे मोल हे आहे.

संदर्भ म्हणजे मान डोलावणे नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला व तो १९१७ मध्ये इंडियन अँटिक्वरीत छापला गेला. त्यात त्यांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या नावानिशी मांडल्या आणि प्रत्येकीत काय उणे आहे तेही दाखविले. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, या बुद्धाच्या कालामांना केलेल्या उपदेशाशी ही रीत जुळणारीच आहे.

आता मोजणीकडे वळू. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच निर्देशांक’ सुचविला. समजा, एका संशोधकाच्या सहा निबंधांना ४०, १२, ७, ५, ३, १ असे संदर्भ मिळाले. त्याचे चार निबंध असे आहेत की प्रत्येकाला किमान चार संदर्भ आहेत, म्हणून त्याचा निर्देशांक ४. दुसऱ्याला ६०, ३, २, १, १, १ असे मिळाले. दोघांची बेरीज ६८ च, परंतु दुसऱ्याचा निर्देशांक २. पहिल्याच्या कामात सातत्य आहे, एवढे यावरून कळते.

पण बेरजेवरून माणूस कळत नाही. जनावरांच्या साथरोगशास्त्राचे वाचक थोडे, त्यामुळे आकडेही लहान असतात. एकाच तालुक्यातील शेळ्यांच्या रोगावरील निबंधाला चारच संदर्भ मिळतील, पण त्याने गरीब शेळीपालकाचे घर वाचू शकते. शिवाय काही जण स्वतःचेच संदर्भ देऊन आकडा फुगवितात. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणारी नियतकालिकेही आहेत. ती चूक निघाली तर वर्षांची मेहनत व फीचे पैसे दोन्ही वाया जातात. हातात पैसा कमी असणाऱ्या आपल्या मुलांनी याबाबत विशेष सावध राहावे.

म्हणून विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. गोठ्यात जे दिसले त्याची तारखेसह नोंद ठेवावी. ज्याचे काम वापरले त्याचे नाव द्यावे. आणि आपला निबंध कोण तपासणार, हे छापायला देण्याआधी विचारावे. आकडा मागाहून येतो. आधी नोंद खरी असावी लागते.