फटफटीची किंमत कशी ठरते?

फटफटीची किंमत कारखानदार ठरवतो, असे आपण म्हणतो. पण खरा हिशेब सुरू होतो गिऱ्हाइकाच्या खिशापासून. जपानातलेच उदाहरण पाहा.

१९५८ साली तिथल्या होंडा कंपनीने ‘सुपर कब’ नावाची लहान फटफटी काढली. सोइचिरो होंडा हे यंत्राचे जाणकार. ताकेओ फुजिसावा विक्री आणि पैसा सांभाळत. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे लहान दुकानदार आणि घरोघर जेवण पोचवणारी पोरे. त्यांच्याजवळ पैसा बेताचा, आणि रस्ते बहुतेक कच्चे.

मग काटकसर करायची कुठे? इंजिनात केली, तर गाडी वाटेतच बसायची. तेव्हा बहुतेक लहान गाड्यांना दोन-स्ट्रोक इंजिन असे. चार-स्ट्रोक करायला महाग, पण पेट्रोल कमी खाते. म्हणून त्यांनी तेच घातले. खड्ड्यांसाठी चाके मोठी ठेवली. क्लचचा दांडा काढून टाकला. एका हातात जेवण धरून गाडी हाकता येऊ लागली. पायांपुढचा आडोसा प्लॅस्टिकचा केला, त्यामुळे वजन घटले.

किंमत ठेवली ५५,००० येन. एवढ्यात परवडणार कसे? इथेच खरी मेख आहे, बरं का. समजा, एक साचा करायला १ लाख रुपये लागले. त्यातून १०० नग काढले, तर दर नगावर साच्याचे १,००० रुपये बसतात. १०,००० नग काढले, तर फक्त १० रुपये!

फुजिसावा म्हणाले, महिन्याला ३०,००० गाड्या विकू. त्या वेळी सबंध जपानात साऱ्या कंपन्यांच्या मिळून सुमारे ४०,००० खपत. म्हणजे धोका केवढा! माल पडून राहिला असता, तर कंपनी बुडाली असती. पण गाडी खपली. १९६० साली सुझुका येथे नवा कारखाना निघाला. २०१७ सालापर्यंत या जातीच्या १० कोटी गाड्या तयार झाल्या.

आता आपले पाहू. दुकानदार सांगतो ती किंमत नुसती सुरुवात असते. पुढे पेट्रोल, दुरुस्ती, सुटे भाग, आणि कर्ज काढले तर व्याज. दूध घालायला किंवा भाजी बाजारात न्यायला गाडी घ्यायची असेल, तर आधी कागद घ्या. एका बाजूला गाडीमुळे महिन्याला वाढणारी मिळकत लिहा. दुसऱ्या बाजूला हप्ता आणि सारा खर्च लिहा. मिळकतीचे पारडे जड असेल, तरच सौदा करावा. आता तुम्हांला लिहिता येते. हा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका, आपल्या हाताने मांडा.