कार्डावरचा रिकामा रकाना

दिवस गेले की नाव नोंदवले जाते आणि हातात एक कार्ड पडते, माता-बाल संरक्षण कार्ड. आपल्या वस्तीत ते बहुतेक घरी रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन बसते आणि अनुदानाच्या वेळी बाहेर निघते. अनुदान हक्काचे आहे, ते घ्याच. पण कार्डाचे खरे काम वेगळे आहे.

समजा, पाचव्या महिन्यात सिस्टरने रक्तदाब लिहिला ११०/७०. सातव्यात १२६/८०, आठव्यात १३६/८८. यातला कोणताही आकडा एकटा पाहिला तर कुणी घाबरणार नाही, कारण १४०/९० किंवा त्याहून जास्त झाल्यावर धोका धरतात. तिन्ही शेजारी शेजारी दिसले, की दाब चढतो आहे हे डॉक्टरला लगेच कळते. मधला रकाना रिकामा असेल तर हे कळणार कसे?

रक्ताचेही तसेच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे मोठ्या दवाखान्यातच जायचे. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर कारण शोधावे लागते. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. त्या तपासणीचा निकालही कार्डावर हवा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी करायची. इथे पुष्कळ नवरे मागे सरतात, तेव्हा सासूबाईंनी पुढे व्हावे.

सिस्टरला तेच आकडे कार्डात, रजिस्टरात आणि पुन्हा मोबाईलमध्ये भरावे लागतात. रांग मोठी असते. घाईत मागचाच आकडा उतरवला जाऊ शकतो. म्हणून दंडाला पट्टा बांधला का, बोटातून रक्त घेतले का, हे आपण पाहायचे आणि शांतपणे विचारायचे, "सिस्टर, किती आला? लिहिलात ना?" वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्या.

पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी जाते आणि कार्ड सासरच्या पेटीत राहते. रात्री कळा सुरू झाल्या तर तिथल्या डॉक्टरला तिचा रक्तगट ठाऊक नसतो, आधीचा दाब ठाऊक नसतो. निगेटिव्ह रक्तगट असेल तर बाळंतपणानंतर द्यायचे इंजेक्शन राहून जाऊ शकते. साडीआधी कार्ड पिशवीत घाला.

डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजले किंवा अंगावरून रक्त गेले, तर कार्डावरच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कार्ड घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.