नाताळचा देवदूत आणि चाळिशीचा चष्मा

नोव्हेंबर संपत आला की दवाखान्यात काही भगिनी ठराविक तक्रारी घेऊन येतात. संध्याकाळी डोके दुखते, डोळ्यांतून पाणी येते, मान अवघडते, अंगठ्यापासून मनगटापर्यंत ठणका लागतो. बहुतेकींना वाटते, रक्तदाब वाढला असावा. मी रक्तदाब मोजतोच, पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारतो, "सध्या हातात काय काम घेतले आहे?" मग कळते की कुणी नातवासाठी स्वेटर विणते आहे, तर आमच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीतली एखादी आजी नाताळच्या झाडावर लावायला देवदूत भरते आहे.

हा भरतकामाचा देवदूत म्हणजे काय, हे काही वाचकांना ठाऊक नसेल. शुभवर्तमानात गब्रिएल दूत मरियेला येशूच्या जन्माची आगाऊ वार्ता देतो आणि जन्माच्या रात्री मेंढपाळांनाही देवदूतच बातमी सांगतात. त्यामुळे नाताळच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर तारा किंवा देवदूत बसवण्याची रीत आहे. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे चित्र छापून आले होते. त्या झाडाच्या टोकावरही देवदूतच होता. बाजारात प्लॅस्टिकचे देवदूत मिळतात. पण आजीच्या हातचा देवदूत दरवर्षी पेटीतून निघतो आणि पुढे लेकीसुनांकडे जातो. त्याची सर विकतच्याला नाही.

मी काही भरतकामातला जाणकार नव्हे. घरात सौभाग्यवतींचे काम पाहून आणि रुग्णांना विचारून जे कळले, ते वैद्यकीय सल्ल्यासोबत सांगतो. कारण या कामात कापड, दोरा आणि वेळ कशी निवडता, यावरच डोळे आणि हात किती दुखणार हे ठरते.

कापड आणि नमुना

क्रॉस स्टिच, म्हणजे आपला फुलीचा टाका, मोजून घालायचा असतो. त्यासाठी चौकटी स्पष्ट दिसणारे कापड लागते. दुकानात मॅटी किंवा आयडा या नावाने ते मिळते. एका इंचात १४ चौकटी असलेले कापड जास्त चालते, पण ११ चौकटींचेही मिळते.

समजा, देवदूताचा नमुना ५० चौकटी रुंद आणि ७० चौकटी उंच आहे. १४ चौकटींच्या कापडावर तो साडेतीन इंच रुंद आणि पाच इंच उंच होईल. तोच नमुना ११ चौकटींच्या कापडावर साधारण साडेचार इंच रुंद आणि सव्वासहा इंच उंच होतो. फुल्या तेवढ्याच, पण भोके मोठी. पंचेचाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी ११ चौकटींचेच कापड घ्यावे.

देवदूत म्हटला की पांढरा झगा, पांढरे पंख आणि सोनेरी वलय. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, तोही रात्री ट्यूबलाइटखाली, यापेक्षा डोळ्यांना जाचक काम नाही. कापड आकाशी किंवा फिकट बदामी घ्यावे, म्हणजे पांढरा दोरा उठून दिसतो. पांढरेच कापड हवे असेल तर मांडीवर गडद रंगाची ओढणी अंथरावी. मग चौकटींची भोके स्पष्ट दिसतात.

टाका कसा घालावा

कापडाची चौघडी घालून मध्य काढावा आणि तिथूनच भरायला सुरुवात करावी, म्हणजे नमुना एका बाजूला सरकत नाही. भरतकामाच्या सहापदरी लडीतले दोन पदर वेगळे करावेत. ११ चौकटींच्या कापडाला तीन पदर घ्यावेत. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची असावी. बोथट सुई कापडाच्या भोकातून सहज जाते आणि बोटाला सहसा टोचत नाही.

सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला तिरपा असावा, त्यानेच कामाला सफाई येते. मागे गाठ मारू नये, दोऱ्याचे टोक टाक्यांखाली दाबून घ्यावे. सोनेरी दोरा लवकर विसविसतो आणि ओढायला जोर लागतो, म्हणून तो वीतभरच घ्यावा.

सगळे भरून झाले की चेहरा, हात आणि पंखांच्या कडेने उलटी टीप घालावी. मग तेवढ्याच आकाराचे साधे कापड पाठीला लावून उशीच्या अभ्र्यासारखे तीन बाजूंनी शिवावे आणि खालची बाजू उघडी ठेवावी. डोक्याच्या भागात थोडा कापूस आणि आत पातळ पुठ्ठ्याचा शंकू घातला की देवदूत शेंड्यावर टोपीसारखा बसतो. वजन कमी असावे, नाहीतर शेंडा वाकतो.

चाळिशी म्हणजे आजार नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपल्या डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते फुगते आणि दूरचे पाहताना चपटे होते. वय वाढते तसे ते ताठर होत जाते. चाळिशीच्या आसपास वर्तमानपत्र लांब धरावे लागते आणि सुईत दोरा ओवायला मुलांना हाक मारावी लागते. हे प्रत्येकाला होते. आपल्या भाषेने या चष्म्याचे नावच 'चाळिशी' ठेवले आहे.

तरीही अनेक भगिनी तो लावत नाहीत. 'चष्मा लावला की नंबर वाढतो', 'डोळ्यांना सवय लागते' हे समज घट्ट बसलेले आहेत. ते खरे नाहीत. चष्मा लावा किंवा लावू नका, भिंग ताठर होतच राहते. साधारण साठीपर्यंत नंबर हळूहळू वाढतो आणि मग बराचसा स्थिर होतो. चष्मा टाळल्याने नंबर थांबत नाही, फक्त डोके दुखते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण देतो. दरवर्षी त्या चर्चमधल्या कुणा ना कुणाला देवदूत भरून देत. एका वर्षी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता हे काम सुटले. नजर गेली." अर्धा भरलेला देवदूत त्यांनी सुनेकडे देऊन टाकला होता. त्यांना मी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू नव्हता, डोळ्याचा पडदाही चांगला होता. लागला तो फक्त जवळचा चष्मा, प्लस दोन नंबरचा. तो त्यांना दहा वर्षांपूर्वीच लागायला हवा होता. हाताची कला जाणे आणि नजरेचा नंबर बदलणे, या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे फार होते.

हे फक्त हौसेच्या कामापुरते नाही. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना जवळचा चष्मा लगेच दिला आणि उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त एक साधा चष्मा!

चष्मा मात्र जत्रेत किंवा रस्त्यावर डोळ्याला लावून पाहून घेऊ नये. तपासणीत दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे नंबर कळतात, डोळ्याचा दाब आणि पडदाही पाहिला जातो. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे ही सोय असते. जाताना भरतकाम सोबत न्यावे आणि आपण ते किती अंतरावर धरतो हे दाखवावे, कारण नंबर त्या अंतरावर ठरतो. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी. साखर वर-खाली होते तसा नंबरही बदलतो आणि घाईने केलेला चष्मा महिन्याभरात निकामी ठरतो.

दोरा हेच घड्याळ

वरच्या नमुन्यातल्या ३,५०० चौकटींपैकी निम्म्या भरल्या तरी १,७५० फुल्या होतात. एका फुलीला सुई चार वेळा कापडातून जाते, म्हणजे सुमारे सात हजार वेळा अंगठा आणि तर्जनीची चिमूट आवळली जाते. हे सारे शेवटच्या आठवड्यात रात्री जागून केले तर अंगठ्याच्या मुळाशी सूज येणारच.

माझ्या माहितीतल्या भगिनी तासाला शंभरेक फुल्या घालतात. म्हणजे साडेसतरा तासांचे काम. रोज चाळीस मिनिटे बसले तर सव्वीस दिवस लागतात. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यालाच सुरुवात करावी, म्हणजे शिवणीलाही सवड राहते.

दोरा दीड फुटापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो, हे भगिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्याचा दुसरा फायदाही आहे. एवढा दोरा साधारण वीस मिनिटांत संपतो. दोरा संपला की सुई टोचणीच्या उशीत खोचावी आणि उठावे. खिडकीबाहेर लांबचे झाड अर्धा मिनिट पाहावे, पापण्या दहा-बारा वेळा मिटाव्यात, मान आणि खांदे सावकाश फिरवावेत, बोटे ताणून मोकळी करावीत. बारीक काम करताना आपण पापण्या मिटायचे विसरतो. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि मग पाणी येते.

काम दिवसा खिडकीशी बसून करावे. उजव्या हाताने भरणाऱ्यांनी उजेड डाव्या बाजूने घ्यावा. डोके चार-पाच किलो वजनाचे असते. ते पुढे झुकवून तासभर बसले की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो. मांडीवर उशी घेऊन रिंग वर उचलावी, मान खाली नेऊ नये.

सुई आणि स्टूल

सुई तोंडात धरू नये. कॉटवर बसून काम केल्यास उठताना सुया मोजाव्यात. पायात सुई मोडली तर घरी कोरत बसू नये, क्ष-किरण चित्रात ती दिसते. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना सुई टोचल्याचे कळतही नाही, म्हणून त्यांच्या घरात ही काळजी दुप्पट घ्यावी.

खरा धोका मात्र काम संपल्यावर असतो. देवदूत झाडाच्या शेंड्यावर लावायचा म्हणून आजीबाई स्टुलावर चढतात, आणि डोळ्यावर जवळचा चष्मा तसाच असतो. त्यातून खाली पाहिले की जमीन धूसर दिसते, पायरीचा अंदाज चुकतो. हातावर पडले की मनगट मोडते आणि या वयात खुब्याचे हाडही मोडू शकते. झाड छोटे असेल तर ते आडवे असतानाच देवदूत बसवावा आणि मग झाड उभे करावे. मोठे असेल तर घरातल्या तरण्या मुलाला चढवावे आणि आजीने खुर्चीवर बसून 'थोडा डावीकडे' असे सांगावे. दिव्यांची माळ देवदूताच्या कापडाला आणि कापसाला टेकू देऊ नये.

हे दिसले तर थांबू नका

पुढील तक्रारी चाळिशीच्या नव्हेत. त्यांसाठी नाताळ होण्याची वाट पाहू नये.

१. दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, सोबत डोळा लाल होणे, तीव्र डोकेदुखी, उलटी. हा काचबिंदूचा झटका असू शकतो. काहींना मंद उजेडात बराच वेळ वाकून काम केल्यानेही तो येतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावेत, उशिराने नजर जाते.

२. एकाएकी नजर कमी होणे, डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा विजेसारख्या चमका दिसणे.

३. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे, अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होणे. मनगटात शीर दाबली गेल्याचे हे लक्षण आहे. मधुमेह आणि थायरॉइडही तपासून घ्यावे.

४. साठीनंतर 'आता चष्म्याशिवाय वाचता येते' असे वाटणे. नजर परत आली म्हणून पेढे वाटू नयेत. अनेकदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते.

ज्यांचा देवदूत अर्धा राहिला आहे, त्यांनी तो पेटीत परत ठेवण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत. तपासणीला तासभर पुरतो आणि बहुतेक वेळा चष्म्यावरच काम भागते. ख्रिस्ती वाचकांना नाताळच्या शुभेच्छा.

(पुढील आठवड्यात : थंडीतला खोकला आणि दमा)